पहिला ड्रमसेट : पारख आणि खरेदी
(प्रस्तावना)

पुणे-सोलापूर रस्त्याच्या कडेला, उजनी धरणाच्या फुगवट्यालगत वसलेल्या डाळजसारख्या गावी एखाद्या मुलाने किंवा मुलीने ड्रमसेटचा हट्ट धरला, म्हणजे घरच्या वडीलधाऱ्यांपुढे जो पेच उभा राहतो, तो शहरातील पालकांच्या पेचाहून पुष्कळच निराळा असतो. पैसा अगदीच नसतो असे नव्हे. उसाचे बिल जमा झाले, दुधाचा हिशेब मिटला, की मुलांच्या हौसेखातर काही रक्कम बाजूला काढण्याची तयारी आज अनेक घरांत आढळते. अडते ते पारखीपाशी. ज्या गृहस्थाला बाजारात म्हशीची कास आणि चाल पाहून तिची किंमत घटकाभरात ठरवता येते, तोच गृहस्थ वाद्यांच्या दुकानात लाल-काळ्या रंगाच्या चकचकीत पिंपांपुढे उभा राहिला की मूक होतो. आणि मग दुकानदार सांगेल तो दर, मोबाइलवरील चित्र दाखवील ते रूप आणि परिचयातल्या एखाद्या ऑर्केस्ट्रावाल्याने जाता जाता दिलेला सल्ला, या तिघांच्या भरवशावर व्यवहार उरकला जातो. वर्षभराने तो संच माळ्यावर चढतो, आणि मुलाला नाद टिकवता आला नाही असा ठपका मात्र मुलावर येतो.

प्रस्तुत पुस्तक या व्यवहाराच्या आधी वाचले जावे, अशा इराद्याने लिहिले आहे. चांगले तालवाद्य ओळखण्यासाठी जी पारख लागते ती या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेली आहे. ती चामड्यावरून प्लॅस्टिकच्या पानावर, टाळांवरून झांजांवर आणि मृदंगाच्या खोडावरून लाकडी पिंपावर नेता आली, म्हणजे नवशिक्याच्या खरेदीतील निम्म्याहून अधिक संकट टळते, असे आमचे प्रतिपादन आहे. त्यालाच जोडून दुसरी गोष्ट अशी, की पहिल्या संचासाठी काढलेली रक्कम रोजच्या सरावात हाताला, पायाला आणि कानाला ज्याचा संबंध येतो त्यावर खर्च व्हावी, आणि दुरून डोळ्यांना जे दिपवते त्यावर शक्य तितकी कमी व्हावी. पुढील विवेचन या दोन विधानांचा विस्तार आहे.

बारामती आणि इंदापूर हे तालुके तालाच्या बाबतीत कधीच दरिद्री नव्हते. आषाढी वारीसाठी देहूहून निघालेली तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटी असे मुक्काम करीत पुढे जाते, बेलवडीला आणि इंदापुरास रिंगण होते, आणि त्या दिवसांत दिंड्या-दिंड्यांतून जो मृदंग घुमतो तो ऐकत येथील मुलांचे कान तयार होतात. मृदंग विकत घेणारा वारकरी काय पाहतो? पुडी नीट बसली आहे की नाही, वादी सर्व बाजूंनी सारखी ओढली आहे की नाही, शाईवरची थाप खणखणीत उठते की बोदी होते, आणि धुमेला कणीक लावल्यावर तिचा नाद पोटातून येतो की वरच्या वर विरतो. लाकडावरचे कोरीवकाम तो शेवटी पाहतो. गोंधळ्याचे संबळ, यात्रेतील हलगी, तमाशाच्या फडावरील ढोलकी आणि वरातीतला ताशा यांचीही परीक्षा अशीच कानाने होते. हलगी विस्तवावर शेकून तिचे कातडे नेमके किती तापवावे, आणि ते केव्हा उतरू लागले आहे, याचे ज्ञान ज्यांच्याजवळ होते त्या महार आणि मातंग वादकांना समाजाने मान दिला नाही. पण विद्या म्हणून पाहिले, तर ताण आणि नाद यांच्या संबंधाचे इतके सूक्ष्म ज्ञान छापील पुस्तकांतही क्वचितच सापडेल.

या परंपरेला शास्त्राची आणि संस्थांची जोडही लाभलेली आहे. वाईजवळच्या बावधनचे नाना पानसे इंदूरला स्थायिक झाले आणि त्यांच्या नावाने पखवाजाचे एक घराणेच उभे राहिले. बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत अहमदजान थिरकवा यांच्यासारखा तबलजी साथीला बसत असे, आणि नाटकाच्या निमित्ताने आलेल्या सामान्य प्रेक्षकाच्या कानी अव्वल दर्जाचा तबला पडत असे. विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, आणि त्यांच्या परंपरेतील परीक्षांमुळे प्रारंभिकापासून विशारदापर्यंतच्या पायऱ्या चढत तबला किंवा पखवाज शिकण्याची वहिवाट तालुक्याच्या गावांपर्यंत पोचली. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेच्या परंपरेतून कीर्तनाबरोबर मृदंगाचे शिक्षणही खेड्यापाड्यांत गेले. सारांश, ड्रमसेटचा विद्यार्थी येथे कोऱ्या पाटीने येत नाही. मात्रा, ठेका, सम आणि लय यांच्याशी त्याचा परिचय आधीच झालेला असतो, आणि सवय नसते ती चारही अवयवांनी एकाच वेळी निरनिराळी कामे करण्याची.

पाश्चात्त्य तालवाद्ये या मुलखात प्रथम आली ती लष्करी बँडांच्या रूपाने. पलटणींचे बँड, संस्थानिकांचे बँड आणि त्यांचे अनुकरण करणारे लग्नाचे बँड, असा हा क्रम आहे. उत्तर प्रदेशातील मेरठ हे बँडवाद्यांच्या निर्मितीचे मोठे केंद्र बनले. तेथील नादिर अली आणि कंपनी ही पेढी १८८५ सालची. गळ्यात अडकवलेला साईड ड्रम, पोटावर पेललेला मोठा बास ड्रम आणि तिसऱ्या माणसाच्या हातातील झांजा, अशी ही तिघांची कामगिरी होती. पुढे बँजो पार्ट्या आल्या, त्यांच्याबरोबर रोटो आले, कच्छी ढोल आले, आणि ताशाच्या जुन्या चालींवर नव्या सिनेमाचे ठेके चढले. गावातील मुलाने ड्रम म्हणून प्रथम जे पाहिलेले असते, ते बहुधा हेच.

तिघांची ही कामगिरी एकाच बैठ्या वादकाकडे सोपवण्याची कल्पना अमेरिकेत निघाली. न्यू ऑर्लिन्स शहरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिरवणुकीचे बँड नाचघरांत आणि नाट्यगृहांत वाजू लागले, तेव्हा जागा अपुरी आणि मेहनताना मोजका, म्हणून एकाच माणसाने बास आणि साईड ड्रम, म्हणजेच स्नेअर, दोन्ही सांभाळावेत अशी गरज निर्माण झाली. १९०९ साली शिकागोच्या विल्यम लुडविग यांनी जलद चालणारे पायाचे पॅडल तयार केले आणि बास ड्रम कायमचा पायाखाली गेला. १९२० च्या दशकात पायाने मिटणाऱ्या-उघडणाऱ्या झांजांची जोडी, म्हणजे हाय-हॅट, आकाराला आली. १९३० च्या दशकात जीन क्रुपा यांच्या आग्रहावरून स्लिंगरलँड कंपनीने दोन्ही बाजूंनी सुरात लावता येतील असे टॉम, म्हणजे संचातील इतर पिंपे, बनवले. आणि आज आपण ज्याला ड्रमसेट म्हणतो त्याचा सांगाडा त्या सुमारास पुरा झाला. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी बीटल्सचे रिंगो स्टार अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर लुडविगचा चार पिंपांचा संच घेऊन बसलेले कोट्यवधी लोकांनी पाहिले आणि ड्रमसेट ही घरोघरच्या मुलांची आकांक्षा बनली. त्या मागणीने किमती चढल्या तशी जपानी कारखानदारीही पुढे सरसावली. पर्ल, यामाहा आणि टामा यांनी आधी अनुकरण केले, मग सुधारणा केल्या, आणि कालांतराने स्वस्त संचांचे उत्पादन तैवान आणि चीनकडे गेले. आज नवशिक्याच्या आवाक्यातील संच मिळतो तो या स्थलांतरामुळे.

पण खेड्यातल्या वादकाच्या दृष्टीने याहून मोठी क्रांती झाली ती पानांची. १९५६-५७च्या सुमारास चिक इव्हान्स आणि रेमो बेली यांनी वासराच्या कातड्याऐवजी मायलार नावाच्या पॉलिएस्टरची पाने बाजारात आणली, आणि पावसाळ्यात सैल पडणारे, उन्हाळ्यात तडकणारे कातडे ड्रमसेटवरून जवळजवळ नाहीसे झाले. ज्यांनी धरणकाठच्या दमट रात्री हलगी पुनःपुन्हा विस्तवाजवळ नेली आहे, त्यांना या फेरबदलाचे महत्त्व समजावून सांगावे लागणार नाही. हलगीला आणि ताशालाही आता फायबरचे पान चढते, ते त्याच सोयीसाठी.

महाराष्ट्रात ड्रमसेटचा प्रवेश झाला तो मुंबईच्या वाटेने. १९३५ साली लिऑन ॲबी यांचे कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचे पथक ताजमहाल हॉटेलात वाजवू लागले, आणि गोव्याच्या चर्चशाळांत पाश्चात्त्य स्वरलेखन शिकून आलेल्या वादकांना जॅझची नवी वाट दिसली. चिक चॉकलेट या नावाने ख्यात झालेले आंतोनियो झेवियर वाझ हे त्यांपैकीच एक; पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि वाझ यांच्या सहकार्यातून १९५१ च्या ‘अलबेला’सारख्या चित्रपटात पाश्चात्त्य तालाने हिंदी संगीतात असे घर केले, की तो परका वाटेनासा झाला. कावस लॉर्ड आणि त्यांचे पुत्र केरसी व बर्जोर या कुटुंबाने अनेक दशके चित्रपटसंगीताच्या तालविभागाची धुरा वाहिली. राहुलदेव बर्मन यांच्या पथकात लेस्ली गोदिन्हो आणि फ्रँको वाझ यांचे ड्रम व मारुतीराव कीर यांचा तबला एकाच गाण्यात शेजारी बसले. या शेजारापासून आमच्या विद्यार्थ्याने घ्यावयाचा धडा असा, की आपल्याकडे ड्रमसेट देशी तालाला हटवून आलेला नाही, त्याच्या सोबतीने तो रुळला. म्हणून ढोलकी किंवा मृदंग वाजवणाऱ्याने ड्रमसेटकडे वळताना हातची विद्या सोडण्याचे कारण नाही.

तिसरा प्रवाह विजेचा. १९८१ साली इंग्लंडच्या सिमन्स कंपनीचा षट्कोनी पॅडांचा संच गाजला, १९८५ मध्ये जपानच्या रोलंड कंपनीचा आठ खान्यांचा ऑक्टोपॅड आला, आणि १९९७ मध्ये त्याच कंपनीने जाळीच्या पानांचे व्ही-ड्रम्स काढले. महाराष्ट्रातील ऑर्केस्ट्रावाल्यांनी यांपैकी ऑक्टोपॅडला इतके आपलेसे केले, की तालुक्याच्या गावातील भावगीतांच्या कार्यक्रमापासून लावणीच्या रंगमंचापर्यंत एकच वादक उभ्याने त्यावर ड्रम, ढोलक आणि टाळ्यासुद्धा वाजवताना दिसतो. वाहतुकीस सोपे आणि जागेस थोडके असे हे वाद्य उपजीविकेसाठी उत्तम; परंतु ते उभ्याने आणि बहुतांशी हातांनीच वाजवले जात असल्यामुळे त्यावर तयार झालेल्या वादकाचे पाय अशिक्षित राहतात, ही त्याची मर्यादा पालकांनी ध्यानात घ्यावी.

या सर्व इतिहासातून पहिल्या संचाविषयीचे चार पक्ष निर्माण झाले आहेत, आणि दुकानात, शिकवणीत किंवा नातलगांच्या बैठकीत जो सल्ला मिळतो तो या चारांपैकी कोणत्या ना कोणत्या पक्षाचा असतो.

पहिला पक्ष म्हणतो, नवा आणि संपूर्ण संच एकाच खोक्यात घ्यावा. पाच पिंपे, झांजा, स्टँड, पॅडल, स्टूल असे सारे एका पावतीवर मिळते आणि घरी आणल्या दिवशी वाजवता येते, हे याचे आकर्षण. दोष असा, की अगदी स्वस्त खोक्यात जे कमी केलेले असते ते नेमके झांजा, पॅडल आणि स्टूल यांत केलेले असते. येथे टाळ पारखणाऱ्याचा कान उपयोगी पडतो. पितळी टाळ आणि काशाचे टाळ यांच्या नादातील अंतर वारकऱ्याला सांगावे लागत नाही. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त, कासे म्हणजे तांबे आणि कथील. झांजांचेही असेच आहे. सर्वांत स्वस्त झांजा पितळी असतात आणि त्यांचा आवाज ताटलीसारखा बसका येतो. मधल्या प्रतीच्या काशाच्या झांजांत ९२ टक्के तांबे व ८ टक्के कथील असते, आणि उत्तम प्रतीच्या झांजांत ८० टक्के तांबे व २० टक्के कथील. १६२३ सालापासून झांजांचा पेशा करणाऱ्या, मूळच्या कॉन्स्टँटिनोपलच्या झिल्जियन घराण्याची कीर्ती या शेवटच्या मिश्रणावर उभी आहे. नवशिक्याला मधली प्रत पुरते. पण पितळी झांजा एका वर्षात कानाला जी चुकीची सवय लावतात ती मोडण्यास दोन वर्षे लागतात.

दुसरा पक्ष जुन्या, वापरलेल्या संचाचा. पर्ल, यामाहा, टामा किंवा मेपेक्स यांचा नवशिक्यांसाठीचा एखादा जुना संच थोड्याफार ओरखड्यांसह मिळाला, तर त्याच रकमेतील नव्या निनावी संचाहून तो बहुधा सरस ठरतो, कारण पिंपाचे लाकूड वाजवण्याने झिजत नाही आणि पाने तर बदलावयाचीच असतात. मात्र येथे तपासणी कडक हवी. पान काढून पिंपाच्या कडेवरून बोट फिरवावे. कड खडबडीत किंवा चेपलेली असेल तर कोणतेही पान सुरात लागणार नाही. रिंग सपाट जमिनीवर ठेवून ती डुलते का पाहावे. प्रत्येक बोल्ट चावीने फिरवून पाहावा, आटे गेलेले असतील तर ती दुरुस्ती महाग पडते. स्नेअरच्या खालच्या तारा खटका ओढताच पूर्ण चिकटल्या पाहिजेत आणि सोडताच पूर्ण सुटल्या पाहिजेत. झांजेची कड आणि मधले छिद्र उजेडात धरून पाहावे. केसाएवढी चीर आज दिसली तर ती वाढत जाणारच. ढोलकीच्या वाद्या आणि कड्या तपासणाऱ्या माणसाला यात नवे असे काही नाही, नावे तेवढी वेगळी.

तिसरा पक्ष इलेक्ट्रॉनिक संचाचा. हेडफोन लावून मध्यरात्रीही सराव करता येतो, हे त्याचे शहरातील सदनिकांत निर्विवाद सामर्थ्य आहे. आणि गावठाणात भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या कुटुंबालाही ते मान्य करावे लागेल. परंतु डाळजच्या परिसरातील कित्येक कुटुंबे शेतातल्या वस्तीवर राहतात, शेजारचे घर एका शेताच्या अंतरावर असते, आणि वीज कधी असते कधी नसते. तेथे हा हिशेब उलटतो. शिवाय बिघाड झाला तर दुरुस्तीसाठी पुण्याची वाट धरावी लागते, उलट लाकडी संचाचा निम्मा भाग गावच्या वेल्डरकडे आणि सुताराकडे दुरुस्त होतो. हा संच घ्यावयाचाच असेल तर रबरी पॅडांऐवजी जाळीच्या पानांचा घ्यावा, आणि पॅडल खऱ्या बासला जोडता येते तसे स्वतंत्र असावे.

चौथा पक्ष ‘थोडक्यात सुरुवात’ असे सांगणाऱ्यांचा, आणि आमचे मत त्याच्या बाजूने झुकते. आधी सरावाचे रबरी पॅड आणि हिकरी लाकडाच्या ५ए मापाच्या काड्यांच्या दोन जोड्या; तीन-चार महिने हात टिकला तर स्नेअर, हाय-हॅट आणि बास; टॉम आणि इतर झांजा त्यानंतर. दोनच वाद्यांच्या जोडीवर, एक उंच स्वराचे आणि एक खर्जाचे, संबळवाला रात्रभर गोंधळ उभा करतो, ही गोष्ट ज्याने ऐकली आहे त्याला पाच पिंपांवाचून अडेल असे वाटण्याचे कारण नाही. जगातील बहुसंख्य ठेके बास, स्नेअर आणि हाय-हॅट या तिघांवरच उभे असतात. या मार्गाचा दुसरा लाभ असा, की रक्कम एकदम न लागता हंगामानुसार विभागली जाते, आणि मुलाची आवड खरी आहे की क्षणिक, याचा निवाडा मोठा खर्च होण्यापूर्वीच होतो.

कोणताही पक्ष स्वीकारला तरी खर्चाचा अग्रक्रम बदलत नाही. प्रथम स्टूल, ते डळमळते असेल किंवा उंचीला चुकीचे असेल तर पाठ दुखते आणि सराव सुटतो. मांड्या गुडघ्यांकडे किंचित उतरत्या राहतील इतकी त्याची उंची असावी. मग पॅडल, ज्याची स्प्रिंग कमी-जास्त करता येते आणि ज्याच्या बिजागरीत खुळखुळ नाही. मग १४ इंची स्नेअर आणि १४ इंची हाय-हॅटची जोडी. त्यानंतर पाने. स्वस्त संचाबरोबर आलेली पाने काढून स्नेअरवर एकपदरी, खडबडीत लेपाचे आणि टॉमवर दुपदरी पान चढवले, तर सामान्य पिंपही प्रतिष्ठितासारखे बोलू लागते. पिंपाच्या लाकडाचा क्रमांक शेवटचा. पॉप्लर किंवा बासवुड स्वस्त, बर्च आणि मेपल महाग, आणि त्यांच्या नादात भेद आहेच. पण नवशिक्याच्या हाताला तो भेद वाजवून दाखवता येत नाही, म्हणून त्यासाठी त्याने पैसे मोजू नयेत. बास २२ इंची घ्यावा की २० इंची, या प्रश्नावर पत्र्याच्या छपराखाली किंवा लहान खोलीत वाजवणाऱ्याने २० इंचीच पसंत करावा. दहा वर्षांखालील मुलासाठी खेळण्याच्या दुकानातील संच टाळावा. १६ किंवा १८ इंची बास असलेला, पण खऱ्या बोल्टांचा आणि खऱ्या पानांचा लहान संच घ्यावा.

हा विषय आजच मांडण्याची निकड का भासली, तेही सांगितले पाहिजे. भीमेच्या पलीकडच्या करमाळा तालुक्यातील जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी २०१६ साली त्याच मुलखात चित्रित केलेला ‘सैराट’ आणला, अजय-अतुल यांच्या संगीतात वरातीचा ताल आणि भव्य वाद्यवृंद एकत्र आले, आणि आपल्या शिवारातील ठेका जगाच्या व्यासपीठावर शोभतो हा आत्मविश्वास या भागातील मुलांना मिळाला. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या श्रेणीनिहाय ड्रमपरीक्षा भारतात होतात, आणि इंटरनेटवरून धडे घरबसल्या मिळतात; म्हणजे शिक्षणाची वाट मोकळी झाली आहे. बाजारही मोकळा झाला आहे. आयात परवान्यांच्या जमान्यात परदेशी संच हाताळायलाही मुंबईला धोबी तलावावरील १८६५ पासूनच्या फुर्टाडोजसारख्या दुकानांपर्यंत जावे लागे, आता तो पार्सलने वस्तीवर येतो. मात्र पार्सलने येणारी वस्तू कानाने तपासता येत नाही, त्यामुळे पारखीचे मोल वाढलेच आहे.

निकडीची दुसरी बाजू आवाजाची. लाकडी संचाचा आवाज वादकाच्या कानापाशी सहज १०० डेसिबलच्या वर जातो, आणि दीर्घकाळ ८५ डेसिबलहून मोठ्या आवाजात राहणे श्रवणास अपायकारक ठरते. म्हणून कानातील बोळे ही चैन नसून संचाचाच भाग समजावा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते ६. भिंतीला गोधड्या टांगल्या तर खोलीतील घुमारा कमी होतो, पण बाहेर जाणारा आवाज त्याने अडत नाही, हा भेद पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. बास ड्रममध्ये जुनी चादर ठेवणे, पिंपांवर रबरी चकत्या ठेवणे आणि सरावाची वेळ शेजाऱ्यांना आधी सांगणे, हे उपाय अधिक फलदायी आहेत. सरावाला घरच्यांचा आणि शेजाऱ्यांचा रुकार नसेल, तर उत्तम संचही निरुपयोगी होतो.

या पुस्तकाची व्याप्ती येथे स्पष्ट करणे इष्ट. वादन कसे करावे हे यात शिकवलेले नाही. ते गुरूचे काम आहे. कोणत्या कंपनीचा कोणता नमुना किती रुपयांना घ्यावा, अशी कोष्टकेही दिलेली नाहीत, कारण छापखान्यातून पुस्तक बाहेर येईपर्यंत ती शिळी होतात. त्याऐवजी रकमेची वाटणी कशी करावी हे सांगितले आहे: जुना किंवा साधा पिंपसंच घेऊन त्यावर एकूण रकमेचा साधारण ४० टक्के भाग, झांजांवर ३० टक्के, पॅडल, स्टूल आणि स्टँड यांवर २०, आणि उरलेले १० टक्के पाने, काड्या व कानांच्या रक्षणावर. हे प्रमाण आमच्या अनुभवातून आलेले आहे, आणि वाचकाने आपल्या परिस्थितीप्रमाणे त्यात फेरफार करावा. वाद्याचे अवयव, त्यांची तपासणी, सुरात लावण्याची रीत, दमट हवेत क्रोमला गंज चढू न देण्याची काळजी आणि विकणाऱ्याशी बोलताना विचारावयाचे प्रश्न, असा पुढील मजकुराचा रोख आहे. शक्य तेथे प्रत्येक नव्या गोष्टीची तुलना मृदंग, ढोलकी, हलगी, संबळ किंवा टाळ यांच्याशी केली आहे. ज्याला यांतील एकही वाद्य ठाऊक नाही त्याचे त्यामुळे काही अडू नये, अशीही दक्षता घेतली आहे.

पालकांना एक विनंती. दुकानात जाताना मुलाला सोबत न्यावे, आणि मुलगी असेल तर हे वाद्य मुलींचे नव्हे असे म्हणणाऱ्याचे दुकान सोडून दुसऱ्या दुकानात जावे. काड्या तिच्या हाती द्याव्यात, स्टुलाची उंची तिच्या मापाने लावून घ्यावी आणि निदान अर्धा तास तिला वाजवू द्यावे. त्या अवधीत पॅडल कुरकुरते का, हाय-हॅट नीट मिटते का आणि स्नेअर मंद आघातालाही उत्तर देते का, हे सर्वांना कळेल. शक्य असल्यास गावातील एखादा मृदंगवादक किंवा ढोलकीवालाही बरोबर असावा. त्याला ड्रमसेटची नावे माहीत नसली तरी कोणते पान सैल आहे आणि कोणती झांज पितळी आहे, हे तो डोळे मिटून सांगेल. आणि त्याचे मत दुकानदाराच्या मताशी जुळले नाही, तर खरेदी त्या दिवसापुरती तहकूब ठेवून सरावाचे पॅड तेवढे घेऊन घरी परतावे, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे.

डाळज, ता. इंदापूर, जि. पुणे